झोपेत श्वास अडतो? स्लीप स्टडीच्या चिठ्ठीबद्दल आमच्या नागपूरच्या दवाखान्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फॅमिली डॉक्टरकडे कोणी 'माझी झोप तपासा' म्हणून येत नाही. लोक येतात बीपीची गोळी लिहून घ्यायला, शुगरचा रिपोर्ट दाखवायला, 'अंगात ताकदच नाही' सांगायला. बोलता बोलता घोरण्याचा विषय निघतो, मी स्लीप स्टडीची, म्हणजे रात्री झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या तपासणीची, चिठ्ठी लिहून देते आणि पुढच्या वेळी ती चिठ्ठी फाईलमध्ये तशीच घडी केलेली दिसते. झोपेत श्वास अडण्याचा हा आजार (स्लीप ॲप्निया) ओळखण्यापेक्षा चिठ्ठी ते तपासणी हा टप्पा पार पाडणं जास्त अवघड झालं आहे. त्या टप्प्यावर जे प्रश्न अडवतात, त्यांची उत्तरं इथे देते आहे.

घोरणं तर आमच्या बाबाजींनाही होतं, चांगले ऐंशी वर्षं जगले. मग तपासणी काहून?

नुसतं घोरणं म्हणजे आजार नाही, हे खरं आहे. घोरणाऱ्या प्रत्येकाला मी चिठ्ठी देत नाही. मला काळजी वाटते ती घोरणं मध्येच बंद पडून जी शांतता होते तिची.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांत ते इतके सैल पडतात की जीभ आणि टाळू मागे जाऊन श्वासाची वाटच बंद होते. छाती-पोट हलत असतं, पण हवा आत जात नसते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो, तो धाप लागल्यासारखा मोठा श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की त्याची एक घटना मोजतात. तासाला ३० पेक्षा जास्त घटना होणारे पेशंट अजिबात दुर्मीळ नाहीत. प्रत्येक घटनेला बीपी उसळी मारतं. हे वर्षानुवर्षं चाललं की औषधांना दाद न देणारं बीपी, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात यांचा धोका वाढतो, शुगरही बिघडते.

बाबाजींच्या काळात हे मोजायची सोयच नव्हती. या आजारावरची सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारी) ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये पहिल्यांदा मांडली. बाबाजींना काय होतं ते आज सांगता येणार नाही, तुमचं मात्र तपासता येतं.

मग चिठ्ठी कोणाला मिळते?

आम्ही आठ प्रश्न विचारतो. बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतकं मोठ्यानं घोरता का? दिवसा थकवा किंवा झोप येते का? झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का? बीपी आहे का? बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) ३५ च्या वर आहे का? वय ५० च्या पुढे आहे का? मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का? पुरुष आहात का? प्रत्येक 'हो'ला एक गुण. तीन-चार गुण म्हणजे मध्यम धोका, पाच किंवा जास्त म्हणजे मोठा. ही 'स्टॉप-बँग' नावाची प्रश्नावली जगभर वापरतात आणि ती भरायला दोन मिनिटं पुरतात. मानेचा घेर मोजायला टेलरची टेप लागते, ती माझ्या टेबलाच्या खणात असते.

पण मी गुणांवरच थांबत नाही. आपल्याकडे पोट फारसं सुटलेलं नसतानाही हा आजार होतो, कारण जबड्याची ठेवण लहान असली की घशात मुळातच जागा कमी असते. त्यामुळे बीएमआय ३५ नाही म्हणून मी कोणाला सोडत नाही. तीन औषधं, त्यातलं एक लघवी वाढवणारं, नीट घेऊनही बीपी उतरत नसेल. सकाळी उठल्यावर डोकं जड असेल. प्रोस्टेट आणि शुगर ठीक असूनही रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागत असेल, तर गुण कमी असले तरी मी चिठ्ठी देते. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तेवढं आधी तपासते, कारण थकव्याची ती दोन कारणं स्वस्तात कळतात आणि थायरॉईड कमी असलं की श्वास अडण्याचा त्रासही वाढतो.

बायकोला सोबत आणा, असा आग्रह का करता?

कारण पेशंट झोपलेला असतो, पाहणारी ती असते. 'हे दचकून उठतात', 'मध्ये श्वासच थांबतो, मी हलवून जागं करते' हे ती सांगते तेव्हा नवरा बहुतेक वेळा हसून 'काहीतरीच' म्हणतो. माझ्या दृष्टीनं त्या दिवशी खोलीत बोललेलं ते सर्वांत महत्त्वाचं वाक्य असतं. एकटे राहत असाल तर भाऊ, मुलगा, होस्टेलचा रूममेट, टूरवर सोबत झोपलेला सहकारी, कोणीही चालेल.

घरच्यांना एक काम सांगते: मोबाईलवर व्हिडिओ काढा. चेहऱ्याचा जवळून नको. छातीपासून डोक्यापर्यंत दिसेल असा, शक्यतो पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, पेशंट उताणा झोपलेला असताना. पहाटेच्या झोपेत आणि उताणं असताना श्वास जास्त अडतो. पाच मिनिटं पुरेत. आणि कूलर तेवढा वेळ बंद ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात मार्चपासून जूनपर्यंत खिडकीतला कूलर इतका गरजतो की शेजारच्या पलंगावरचा श्वास थांबलेला कळतही नाही. 'आजकाल घोरणं कमी झालं' असं मे महिन्यात कोणी सांगितलं तर मी आधी कूलरचं विचारते.

मला तर पडल्या पडल्या झोप लागते जी. झोप चांगली आहे म्हणजे आजार नाही ना?

उलट आहे. कुठेही, कधीही, दोन मिनिटांत झोप लागणं हे रात्रीची झोप पुरी न झाल्याचं लक्षण असतं. वाचताना, टीव्ही पाहताना, मीटिंगमध्ये, एसटीत, जेवणानंतर शांत बसलेलं असताना, सिग्नलला गाडी थांबलेली असताना डुलकी लागते का, असे आठ प्रसंग घेऊन प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात. २४ पैकी १० च्या वर गेलं की ती झोप नेहमीची नाही. सिग्नलवरच्या प्रसंगाला कोणी एक गुण जरी दिला तरी मी त्याच दिवशी चिठ्ठी लिहिते. उलट, दिवसा अजिबात झोप येत नाही म्हणून आजार नाही, असंही होत नाही. अनेकांना झोप येत नाही, फक्त चिडचिड होते आणि कामात लक्ष लागत नाही.

चिठ्ठीशिवाय थेट लॅबमध्ये गेलं तर चालत नाही का?

खासगीत चालतं, कोणी अडवणार नाही. तरी चिठ्ठी घेऊन जा. कोणती तपासणी करायची हे तुमच्या बाकीच्या आजारांवर ठरतं आणि ते आजार चिठ्ठीतून कळतात. शिवाय चिठ्ठीमुळे रिपोर्ट वाचायला कोणी तरी बांधील असतं. नुसता रिपोर्ट हातात घेऊन घरी गेलेले आणि पुढे काहीच न केलेले पेशंट मी पाहिले आहेत.

सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना), रेल्वे, वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) किंवा ईएसआयच्या (कामगार विमा) लोकांना मात्र आपापल्या दवाखान्यातून रेफर करून घ्यावं लागतं. तिथे आधी स्वतःच्या खिशातून तपासणी करून मग बिल लावायला गेलात तर मनस्ताप होतो. आधी कागद, मग तपासणी.

चिठ्ठीत काय लिहिलेलं असलं पाहिजे? मी डॉक्टरांकडून काय लिहून घेऊ?

'घोरणं, स्लीप स्टडी करावी' एवढंच लिहिलेली चिठ्ठी निम्मी रिकामी आहे. हक्कानं सांगा आणि पुढचं लिहून घ्या: वजन, उंची, मानेचा घेर, प्रश्नावलीचे गुण, श्वास थांबलेला कोणी पाहिला ते, बीपीचे मागचे दोन-तीन आकडे आणि चालू गोळ्यांची नावं, शुगर, थायरॉईड, हृदय, दमा, पक्षाघात यातलं काय आहे, झोपेच्या, वेदनेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत का, आणि तुमचं काम. काम जरूर लिहावं. 'ट्रक चालवतो', 'रात्रपाळीत क्रेनवर असतो' असं लिहिलेला पेशंट घाईनं तपासायचा असतो, हे समोरच्या डॉक्टरला एका ओळीत कळतं.

शेवटी माझा एक प्रश्न असतो. 'मशीन लागेल का?' 'ऑपरेशनआधी धोका किती?' 'बीपी न उतरण्याचं कारण हे आहे का?' प्रश्न लिहिला की उत्तर येतं.

जायचं कोणाकडे? छातीचे डॉक्टर, कान-नाक-घशाचे की मेंदूचे?

बहुतेक मोठ्या माणसांना मी आधी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवते. नाक कायम चोंदलेलं, टॉन्सिल मोठे, नाकाचं हाड वाकडं असेल तर कान-नाक-घशाचे. झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं, पलंगावरून पडणं असेल तर न्यूरॉलॉजिस्ट. सरकारीत जायचं असेल तर मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स आहे. पहिल्या दिवशी ओपीडीत तपासून तारीख मिळते, त्याच दिवशी झोपेची तपासणी होत नाही, या तयारीनं जा. गोंदिया-गडचिरोलीहून येणाऱ्यांनी निघण्याआधी त्या विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून घ्यावं, म्हणजे हेलपाटा वाचतो. धंतोली-रामदासपेठेत खासगी पर्याय आहेत. तिथे तारीख घेण्याआधी विचारा की रात्रभर टेक्निशियन जागा असतो का, आणि रिपोर्ट मशीन काढतं की डॉक्टर स्वतः वाचून सही करतात. मशीननं आपोआप काढलेल्या आकड्यावर मी उपचार ठरवत नाही.

घरी होणारी तपासणी चांगली की लॅबमधली?

धोका स्पष्ट दिसतो आहे, बाकी तब्येत बरी आहे, अशा मोठ्या माणसाला घरची तपासणी पुरते. एक छोटं यंत्र छातीवर बांधतात, नाकाखाली नळी आणि बोटाला क्लिप. श्वास, छातीची हालचाल, ऑक्सिजन आणि नाडी एवढं ते नोंदवतं. आपल्याच पलंगावर झोपता येतं, खर्चही कमी.

लॅबमध्ये यापेक्षा जास्त कळतं. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला आणि पायांना तारा लावतात, म्हणून माणूस खरंच झोपला होता का, कोणत्या झोपेत होता, हेही दिसतं. हृदय कमजोर असलेले, सीओपीडीसारखा फुप्फुसाचा गंभीर आजार असलेले, पक्षाघात होऊन गेलेले, स्नायूंचा आजार असलेले, अफूवर्गीय वेदनाशामक घेणारे आणि ज्यांना मुळात झोपच लागत नाही असे, या सगळ्यांनी लॅबमध्येच जावं.

घरच्या तपासणीत काही निघालं नाही. सुटलो ना?

लगेच तसं समजू नका. घरचं यंत्र झोप मोजत नाही, यंत्र चालू असलेला सगळा वेळ धरतं. तुम्ही त्यातला निम्मा वेळ जागे असाल तर तासाचा आकडा खोटा कमी येतो. लक्षणं ठळक असून रिपोर्ट नॉर्मल आला किंवा नोंद अर्धवट राहिली, तर लॅबमधली तपासणी करायची, असाच नियम आहे. 'पैसे गेले, आता पुन्हा नको' हे मला समजतं, म्हणून ही शक्यता मी चिठ्ठी देतानाच सांगून ठेवते.

एवढ्या तारा लावल्यावर झोप येईल कशी?

बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा बरी येते. घरच्यासारखी गाढ यायची गरजही नाही, काही तास नीट झोपलात तरी पुरेशी माहिती मिळते. स्वतःची उशी आणि चादर न्या. लघवीला उठावं लागलं तर टेक्निशियन मुख्य जोड काढून देतो, पूर्ण सोडवावं लागत नाही.

त्या दिवशी काय करायचं, काय नाही?

डोकं धुवून, तेल न लावता जा. तेलकट डोक्यावर तारा टिकत नाहीत आणि रात्री दोन वाजता टेक्निशियनला पुन्हा चिकटवायला यावं लागतं. नेलपॉलिश काढा. दुपारी झोपू नका, दुपारनंतर चहा-कॉफी नको, दारू अजिबात नको. बीपी-शुगरच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्या. झोपेची गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनानं बंद करू नका, विचारा. सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे ढकला.

रिपोर्टमध्ये एएचआय २२ लिहिलं आहे. म्हणजे किती?

झोपेच्या एका तासात श्वास थांबण्याच्या किंवा खूप कमी होण्याच्या घटना किती, तो हा आकडा. मोठ्या माणसात ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि पुढे तीव्र. तुमचं २२ म्हणजे मध्यम. पण आकड्याखालची ओळही वाचा: ऑक्सिजन किती खाली गेला आणि ९० टक्क्यांखाली किती वेळ राहिला. उताणं झोपल्यावरचा आकडा वेगळा दिलेला असेल आणि तो कुशीवरच्यापेक्षा बराच जास्त असेल, तर कुशीवर झोपायची सवय लावणं हाच उपचाराचा मोठा भाग ठरू शकतो.

बायकांना हा आजार होत नाही म्हणतात, खरं का?

होतो, पण ओळखला जात नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. बाई 'मी घोरते' असं सांगत नाही. ती सांगते झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं, रडू येतं. मग रक्तवाढीच्या गोळ्या, नाहीतर मनाच्या गोळ्या सुरू होतात. पाळी गेल्यानंतर धोका बराच वाढतो. पीसीओडी असलेल्या मुलींमध्येही असतो. आणि तिच्या झोपेचा साक्षीदार कोण? नवऱ्याला तिच्याआधी झोप लागलेली असते. म्हणून बायकांच्या बाबतीत मी मुलीला किंवा बहिणीला एक रात्र सोबत झोपायला सांगते. गरोदरपणात घोरणं नव्यानं सुरू झालं आणि बीपीही वाढलं, तर प्रसूतीच्या डॉक्टरांना हे लगेच सांगा.

लहान मूल घोरतं. मोठं झालं की जाईल ना?

रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, वजन वाढत नसेल, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, शाळेत चुळबुळ आणि लक्ष नाही अशी तक्रार असेल, तर वाट पाहू नका. मुलांमध्ये मुख्य कारण बहुतेकदा वाढलेले टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकामागची गाठ) असतात, त्यामुळे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. मुलांचे आकडेही वेगळे असतात: तासाला एक घटनासुद्धा जास्त धरतात. मोठ्यांचा तक्ता त्यांना लावू नका.

मी ड्रायव्हर आहे. आजार निघाला तर काम जाईल. त्यापेक्षा न तपासलेलं बरं नाही का?

नाही, दादा. ही भीती मी समजते. पण हा आजार उपचाराविना असेल तर अपघाताचा धोका साधारण दुपटीच्या घरात जातो. नागपूरहून मुंबईला समृद्धी महामार्गानं निघालात की ७०१ किलोमीटर सरळ, ना सिग्नल, ना गाव. डोळा लागायला याहून सोपा रस्ता नाही. खिडकी उघडणं, गाणी लावणं, तंबाखू चघळणं यानं झोप थांबत नाही, काही मिनिटं पुढे जाते इतकंच.

उपचार घेणाऱ्याची दिवसाची झोप काही रात्रींतच उतरू लागते. नीट मशीन वापरणारा, झोप उतरलेला माणूस पुन्हा गाडी चालवू शकतो. मालकाला काय सांगायचं यावर घाबरून बसण्यापेक्षा माझ्यापाशी बोला, वापराची नोंद मशीनमध्येच असते आणि ती दाखवता येते. तपासणी होईपर्यंत रात्री गाडी चालवू नका, डोळे जड झाले की थांबा, वीस मिनिटं झोपा. मालकांनाही विनंती आहे: तपासणीसाठी एक रात्र रजा मागणाऱ्याला ती पगारी द्या.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरी आहे, हातात स्मार्टवॉचही आहे. तेवढ्यावर कळणार नाही?

घड्याळानं श्वासाबद्दल इशारा दिला असेल तर दाखवा, चिठ्ठी देताना त्याचा उपयोग होतो. पण त्यावर आजार आहे किंवा नाही असं ठरवता येत नाही. कोविडच्या वेळी घेतलेल्या ऑक्सिमीटरवर जागेपणी ९८ दिसतं, त्याचा रात्रीशी संबंध नाही.

खर्चाचं काय? मेडिक्लेम मिळतो का?

फक्त तपासणीसाठी भरती झालात तर बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत. 'तपासणी आणि मूल्यमापन' हा ठरलेल्या अपवादांपैकी एक आहे. सीपॅप मशीनही बऱ्याच पॉलिसींच्या न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत असते. ओपीडीचं वेगळं कव्हर असेल तर त्यातून तपासणी निघू शकते, ते एजंटकडून लेखी विचारून घ्या. सीजीएचएसवाल्यांनी मशीन घेण्याआधी तज्ज्ञांचं प्रिस्क्रिप्शन, स्लीप स्टडीचा रिपोर्ट आणि मंजुरी या क्रमानं जावं. मशीन लगेच विकत घेऊ नका. आधी काही दिवस भाड्यानं घ्या, मास्क जमतो का पाहा.

मशीन आयुष्यभर लावावी लागते का? त्यापेक्षा वजनच कमी केलं तर?

वजन कमी करा, आजच सुरू करा, त्याचा फायदा नक्की होतो. १० टक्के वजन उतरलं तर घटनाही बऱ्यापैकी कमी होतात. पण वजन उतरायला महिने लागतात आणि श्वास आज रात्री अडणार आहे. दोन्ही सोबत चालवा, वजन उतरल्यावर पुन्हा तपासू. सौम्य आणि मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टीही चालते. रात्री उशिराचं सावजी जेवण आणि सोबत दारू, हे मात्र बंद करा. दारूनं घसा आणखी सैल पडतो.

आपल्याकडच्या दोन अडचणी. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत नाक-घसा कोरडा पडतो, तर मशीनचा ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) वापरा आणि त्यात डिस्टिल्ड पाणी घाला. लाइट गेली की मशीन बंद पडते, म्हणून ती इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावा. पहिल्या आठवड्यात मास्क नको वाटतो. संध्याकाळी टीव्ही पाहताना अर्धा तास लावून बसा, सवय होते.

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. भूलतज्ज्ञांना हे सांगायचं?

पहिल्याच भेटीत सांगा. भुलीनं आणि ऑपरेशननंतरच्या वेदनाशामकांनी श्वास अडणं वाढतं. मशीन असेल तर ती हॉस्पिटलमध्ये सोबत न्या.

तपासणीची तारीख महिन्यानंतरची मिळाली. तोवर काय करू?

कुशीवर झोपा, डोक्याकडची बाजू थोडी उंच करा, दारू सोडा, नाक चोंदलेलं असेल तर त्याचं औषध घ्या. झोपेच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. छातीत दुखणं, बसल्या जागी दम लागणं, पायांवर सूज, गाडी चालवताना डोळा लागणं, यातलं काही झालं तर तारखेची वाट पाहू नका. मला फोन करा, मी चिठ्ठीवर 'तातडीचे' लिहून देते आणि त्या डॉक्टरांशी बोलते.

मशीन सुरू झाली. आता तुमच्याकडे परत यायचं का?

हो, महिन्याभरानं या, मशीनचं कार्ड किंवा ॲपमधली नोंद घेऊन. रात्री निदान ४ तास, आठवड्यातले बहुतेक दिवस, एवढा वापर झाला आहे का ते मी पाहते. खरं तर झोपाल तितका सगळा वेळ लावायची आहे. बीपी मोजू. मशीननं बीपी सरासरी थोडंच उतरतं, गोळ्या सुटतील या आशेवर स्वतःहून बंद करू नका, कमी करायच्या असतील तर मी करीन. आणि बायकोला सोबत आणा, रात्री आता कसं असतं ते तिलाच विचारायचं आहे.